जे तासाला नव्हते त्यांच्यासाठी

रेषीय बीजगणिताच्या माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी आजारपणामुळे सलग तीन आठवडे येऊ शकली नव्हती. परत आली तेव्हा मैत्रिणींनी पाठवलेले फळ्याचे सगळे फोटो तिच्याकडे होते. वहीत एकूण एक ओळ उतरवून घेतलेली, अक्षर नेटकं. तिनं वही माझ्यासमोर उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, वरच्या ओळीतून ही ओळ कशी आली?" ती ओळ लिहिताना मी वर्गात निदान तीन मिनिटं बोलले होते. आधी सुचणारी सोपी वाट पुढे कुठे अडते, म्हणून हा वळसा का घ्यायचा, हे सगळं सांगितलं होतं. फोटोत त्यातलं काहीही आलं नव्हतं, येणारही नव्हतं. तिला मी ती ओळ समजावली, पण तीन आठवड्यांतल्या अशा सगळ्या ओळी पुन्हा समजावणं दोघींनाही शक्य नव्हतं. पुढच्या सत्रापासून प्रत्येक तास रेकॉर्ड करायचा, हे त्याच दिवशी ठरवलं.

हे काम सोपं असेल असं मला वाटलं होतं. पहिल्या दिवशी वर्गाच्या मागच्या बाकावर स्टँड लावून मोबाइल उभा केला, बटण दाबलं आणि शिकवायला लागले. संध्याकाळी हेडफोन लावून ऐकलं तर पंख्याची घरघर, बाक सरकल्याचे आवाज, कुणाचं तरी खोकणं आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी मी. चित्र छान होतं, फळा वाचता येत होता. पण माझं एक वाक्य धड कळेल तर शपथ. म्हणजे मी पन्नास मिनिटांचा फळ्याचा फोटोच काढला होता. त्या मुलीकडे आधीच होता तो.

आवाजाचं गणित मग नीट बसून मांडलं. माइकपासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज सहा डेसिबलनं उतरतो. मागच्या बाकावरचा मोबाइल माझ्यापासून पाच मीटरवर होता. कॉलरला लावायचा छोटा माइक हनुवटीखाली एका वितीवर, म्हणजे साधारण वीस सेंटिमीटरवर असतो. पंचवीस पट जवळ. हा फरक सुमारे २८ डेसिबलचा होतो. शिवाय खोलीतला घुमारा आणि पंखा दोन्हीकडे तेवढाच राहतो, त्यामुळे जवळच्या माइकमध्ये बोलणं त्यांच्या कितीतरी वर तरंगतं. नवा कॅमेरा घेण्याचा विचार तिथेच सोडला आणि कॉलर माइक घेतला. कुणी मला विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी आजही हेच सांगते: जे काही खर्चायचं ते आधी माइकवर खर्चा. चित्र मध्यम असलं तरी विद्यार्थी बघतात. आवाज वाईट असेल तर पाच मिनिटांत बंद करतात.

याचं उदाहरण माझ्याच विषयात आहे. गणिताचे प्राध्यापक गिल्बर्ट स्ट्रँग यांची अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतली रेषीय बीजगणिताची व्याख्यानं १९९९ साली चित्रित झाली. आपलं अध्यापन साहित्य सगळ्यांसाठी मोफत खुलं करण्याची घोषणा एमआयटीनं २००१ मध्ये केली आणि पुढे ही व्याख्यानंही त्यात आली. आजच्या पडद्यावर त्यांचं चित्र अंधूक दिसतं. एक माणूस, खडू आणि फळा, एवढंच. पण शब्द न् शब्द ऐकू येतो, आणि मुलं ती अजूनही बघतात. मी स्वतः कितीदा बघितली असतील, मोजदाद नाही.

सुरुवातीला कॉलर माइक खिशातल्या जुन्या मोबाइलला जोडला होता आणि चित्र दुसऱ्या मोबाइलवर घेत होते. मग दोन्ही जुळवायला हवं. त्यासाठी तास सुरू होताना कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. चित्रात हात एकत्र आले ती चौकट (फ्रेम) आणि आवाजाच्या आलेखातलं टाळीचं टोक एकाखाली एक आणून ठेवायचं. सुरुवात अचूक जुळायची, पण चाळिसाव्या मिनिटाला ओठ आणि शब्द वेगळे पडलेले दिसायचे. कारण शोधायला मला दोन आठवडे लागले. मोबाइल चित्रीकरण करताना सेकंदाला ठरावीक चौकटी घेत नाही, उजेड आणि ताण पाहून संख्या कमीजास्त करतो. संकलनाचं सॉफ्टवेअर मात्र संख्या स्थिर आहे असं धरून चालतं. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल आधी स्थिर चौकटगतीत बदलून घेतली की ही अडचण बरीचशी जाते. दोन उपकरणांच्या घड्याळांतला बारीक फरक तरीही उरतोच. शेवटी माइकचा रिसीव्हर थेट चित्रीकरणाच्याच मोबाइलमध्ये खोचला. चित्र आणि आवाज एकाच फाइलमध्ये आले आणि जुळवाजुळव संपली. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं.

आवाजाची पातळी हा दुसरा धडा. बोलण्याची टोकं उणे बारा डेसिबलच्या आसपास राहतील एवढीच पातळी ठेवायची. या मापात शून्य ही कमाल मर्यादा. तिला आवाज धडकला की तो फाटतो, आणि फाटलेला आवाज कुठल्याच सॉफ्टवेअरनं पुन्हा पुरता शिवता येत नाही. हळू आलेला मात्र वाढवता येतो. दर तासाला बोलायला लागण्याआधी मी पाच सेकंद गप्प उभी राहते. त्या पाच सेकंदांत नुसता पंखा आणि खोली रेकॉर्ड होते. नंतर ऑडॅसिटीमध्ये तेवढाच तुकडा नमुना म्हणून दाखवला की ते सॉफ्टवेअर तसला आवाज सगळ्या तासातून कमी करतं. हात मात्र आखडताच ठेवावा. पहिल्यांदा मी इतकी सफाई केली की पाण्याखालून बोलल्यासारखं वाटायला लागलं. थोडा पंखा ऐकू आला तर काही बिघडत नाही.

फळ्याचं चित्र वाटतं तेवढं अवघड नाही, फक्त दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या फळ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही पक्के होतात. हे केलं नाही तर मी चौकटीत आले की फळा उजळतो, बाजूला झाले की काळवंडतो. शेजारी प्रोजेक्टरचा पांढरा पडदा असेल तर कॅमेरा त्यालाच भुलतो आणि खडूचं अक्षर दिसेनासं होतं. दुसरं म्हणजे फळ्याचे तीन उभे भाग पाडायचे आणि एक भाग भरला की दोन पावलं बाजूला व्हायचं. वर्गातली मुलं मान वाकडी करून बघतात, कॅमेऱ्याला मान नसते.

ज्या दिवशी स्लाइड्स वापरते त्या दिवशी लॅपटॉपचा पडदा ओबीएस स्टुडिओनं रेकॉर्ड करते. मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, आणि एकदा रचना लावून ठेवली की दर वेळी फक्त एक बटण. पण इथेच मी एक आख्खा तास गमावला. रेकॉर्डिंग एमपीफोर स्वरूपात लावलं होतं. शेवटच्या पाच मिनिटांत लॅपटॉपची बॅटरी संपली. चार्जरची पिन सैल होती, माझ्या लक्षात आलं नव्हतं. फाइल डिस्कवर होती, आकारही भरपूर होता, पण ती उघडेना. एमपीफोर फाइलची अनुक्रमणिका सहसा रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी लिहिली जाते. ती लिहिली गेलीच नाही तर आत सगळं असूनही काय कुठे आहे हे प्लेअरला कळत नाही. एमकेव्ही स्वरूपात तसं होत नाही, वीज गेली तरी तोवरचं शाबूत राहतं. तेव्हापासून रेकॉर्ड एमकेव्हीमध्येच करते आणि तास संपल्यावर ओबीएसमधूनच तिची एमपीफोर करून घेते. चित्राला हात न लावता नुसतं वेष्टन बदलायचं असतं, काही सेकंदांत होतं.

आणखी दोन तासांची रेकॉर्डिंग अशीच वाया गेली. एकदा मध्येच फोन आला आणि रेकॉर्डिंग थांबलं. एकदा माइकचं म्यूटचं बटण दाबलेलंच राहिलं. त्यानंतर एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत यादी लिहून ती माइकच्या डबीत ठेवली: विमान मोड, बॅटरी, मोकळी जागा, म्यूट, फोकस, तीस सेकंद रेकॉर्ड करून हेडफोननं ऐकणं. शेवटची गोष्ट मी आता कधीही टाळत नाही. पडद्यावर आवाजाच्या पट्ट्या नाचताना दिसल्या म्हणजे माइक चालू आहे असं समजू नये, कधीकधी त्या लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकच्या असतात.

पण या सगळ्या तांत्रिक भानगडींपेक्षा मला जास्त अस्वस्थ केलं ते वेगळ्याच गोष्टीनं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वर्ग शांत झाला. शिस्तीतली शांतता नव्हती ती. पुढच्या बाकावरचा एक मुलगा दर तासाला काहीतरी विचारायचाच, त्यानंही विचारणं सोडलं. तास संपल्यावर त्याला थांबवलं. तो म्हणाला, "मॅडम, ते रेकॉर्ड होतंय ना." एवढंच. खुळा प्रश्न विचारला तर तो कायमचा राहणार, मित्र पुन्हा पुन्हा लावून ऐकणार, ही त्याची भीती होती, आणि ती खरीच होती. मी परवानगी न घेताच त्याचा आवाज साठवत होते, हेही तेव्हाच नीट जाणवलं.

दुसऱ्या दिवशी शिकवणं बाजूला ठेवून वर्गाशी बोलले. कॅमेऱ्यात फक्त फळा आणि मी दिसणार, बाकं कधीच नाहीत. प्रश्न विचारला गेला की मी माइक म्यूट करणार, प्रश्न ऐकणार, मग माइक सुरू करून तो प्रश्न माझ्या शब्दांत पुन्हा सांगणार आणि मग उत्तर देणार. चुकून कुणाचा आवाज आलाच तर अपलोड करण्याआधी कापणार. कुणाला अजिबातच नको असेल तर मला एकटीला सांगा, आपण मार्ग काढू. आधीच्या रेकॉर्डिंगमधले प्रश्नही मी त्या आठवड्यात बसून काढून टाकले. प्रश्न पुन्हा सुरू व्हायला दोनेक आठवडे गेले. यातून एक फायदा अनपेक्षितपणे झाला. प्रश्न माझ्या शब्दांत मांडताना तो मला खरोखर कळला आहे की नाही हे विचारणाऱ्याला लगेच समजतं. "नाही मॅडम, मला तसं नव्हतं विचारायचं," असं कितीदा तरी झालं. पूर्वी अशा वेळी मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळी होत असणार.

माझ्या बोलण्यातली दुसरी सवय रेकॉर्डिंग ऐकूनच कळली. "हे इकडे आलं की ते तसं होतं, म्हणून हे गेलं." वर्गात हात फळ्यावर असतो, त्यामुळे सगळ्यांना कळतं. काही मुलं बसमध्ये, मोबाइल खिशात ठेवून नुसतं ऐकतात, त्यांना यातून काय कळणार? आता मी नाव घेते. "दुसऱ्या ओळीतून पहिल्या ओळीची दुप्पट वजा केली, म्हणून दुसऱ्या ओळीतला पहिला घटक शून्य झाला." वाक्यं लांबली, पण वर्गातल्या मुलांच्या वह्याही सुधारल्या. माझं बोलणं तसंच्या तसं लिहिलं तरी आता अर्थ लागतो.

रेकॉर्डिंग झालं की वाटण्याचा प्रश्न येतो, आणि तिथे मी बरोबर उलट चुकीनं सुरुवात केली. मोबाइलनं दिलेली पन्नास मिनिटांची फाइल सहा जीबीच्या वर होती. ती तशीच ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवली. चार दिवसांनी कळलं, निम्म्या वर्गानं उघडलीच नव्हती. मोबाइलच्या डेटावर सहा जीबी कोण उतरवणार? आता हँडब्रेकमधून फाइल ७२० रेषांवर आणते. फळ्यावर हलणारं असं फारसं काही नसतं, त्यामुळे अडीचशे एमबीच्या आसपास बसते आणि अक्षर स्पष्टच राहतं. सोबत नुसत्या आवाजाची वेगळी फाइल देते. ६४ केबीपीएसला एका तासाला २९ एमबीसुद्धा लागत नाहीत. ही फाइल कुणी घेईल असं वाटलं नव्हतं. आता काही तासांना व्हिडिओपेक्षा तीच जास्त उतरवलेली दिसते.

व्हिडिओ यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवते आणि लिंक विद्यापीठाच्या मूडलवर, म्हणजे अभ्यास साहित्याच्या संकेतस्थळावर, देते. अनलिस्टेड म्हणजे शोधात येत नाही, पण लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला दिसतं. ते कुलूप नव्हे, हे लक्षात ठेवूनच त्यात काय जाऊ द्यायचं ते ठरवते. पाठ्यपुस्तकातल्या आकृत्या स्लाइडवरून काढल्या आणि स्वतः काढल्या. वर्गात दाखवणं वेगळं, प्रत काढून पसरवणं वेगळं. माझ्या साहित्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना टाकला: नाव द्या, विकू नका, बदल केलात तर याच अटींवर पुढे द्या.

फाइलच्या नावाकडे कुणी लक्ष देत नाही, पण परीक्षेच्या आदल्या रात्री त्याचीच किंमत कळते. मोबाइलनं दिलेल्या तारीख-वेळेच्या लांबलचक आकड्यांतून कुणी काय शोधायचं? तासाचा क्रमांक आणि विषय, एवढं नाव पुरतं. वर्णनात प्रकरणांच्या वेळा टाकते. पहिली वेळ शून्यापासून हवी आणि निदान तीन तरी हव्यात, मग यूट्यूब पट्टीवर त्यांचे भाग पाडून दाखवतं. या कामाला दहा मिनिटं लागतात, आणि मुलं सगळ्यात जास्त आभार याचेच मानतात.

तास तोडून छोटे व्हिडिओ करावेत का, यावर मी बराच विचार केला. एडेक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी साधारण सहा मिनिटांच्या आतच टिकून राहतात, असं तीत दिसलं होतं. पण ती पाहणी घरी बसून ऑनलाइन शिकणाऱ्यांची होती. माझी मुलं वर्गात बसलेली असतात आणि एखादीच जागा पुन्हा बघायला येतात, त्यांना आख्खा तास आणि नीट पाडलेले भागच उपयोगी. जिथे हमखास अडतात अशा पाच-सहा संकल्पनांचे मात्र वेगळे छोटे व्हिडिओ केले.

संकलनात एकदा मोठी चूक झाली. शांत जागा आपोआप कापणारी सोय सापडली. पन्नास मिनिटांचा तास अडतीस मिनिटांवर आला, मला वाटलं बरंच झालं. दोन दिवसांत एकीचा निरोप आला, "मॅडम, चौथी ओळ एकदम कुठून आली?" बघितलं तर मी न बोलता फळ्यावर लिहीत असताना ती शांतता समजून कापली गेली होती. रिकाम्या फळ्यावर एकदम पूर्ण समीकरण उमटत होतं. मुलं माझ्याबरोबरच लिहीत असतात, त्यांचा उतरवून घेण्याचा वेळच मी काढून टाकला होता. मूळ फाइल ठेवलेली होती म्हणून निभावलं. आता सुरुवात आणि शेवट छाटते, वर्गातलं कुणाचं काही खासगी असेल तर काढते, बाकी हात लावत नाही. आणि मूळ फाइल सत्र संपेपर्यंत दोन ठिकाणी ठेवते.

उपशीर्षकांना सगळ्यात जास्त वेळ जातो. वर्गातल्या एका विद्यार्थिनीला कमी ऐकू येतं हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. तिनं स्वतःहून सांगितलं नव्हतं. तोवर ती स्वयंचलित उपशीर्षकांवर भागवत होती. मी ती उघडून बघितली आणि वाईट वाटलं. रोजचं बोलणं बरं उतरलं होतं, पण 'आयगेन' हा आमच्या विषयातला शब्द दर वेळी वेगळाच लिहिलेला, आणि मराठी वाक्यात इंग्रजी संज्ञा आली की पुढची चार शब्दं वाहून गेलेली. नेमकी कळीची जागाच तिला कळत नव्हती. उपशीर्षकांची फाइल म्हणजे क्रमांक, वेळ आणि वाक्य अशी साधी मजकुराची फाइल असते, कुठेही उघडून दुरुस्त करता येते. पहिला तास दुरुस्त करायला मला तीन तास लागले. मग नेहमी चुकणाऱ्या शब्दांची यादी केली, ते एकगठ्ठा बदलून घ्यायचे आणि उरलेलं ऐकत वाचायचं. आता सव्वा तासात होतं. दोन मुलं आपणहून मदतीला आली. आठवड्याचे तीन तास तिघांत वाटून घेतो.

काही मुलं रेकॉर्डिंग आहे म्हणून वर्गात यायची बंद झाली, हेही खरं आहे. सहकाऱ्यांनी सुचवलं, आठवडाभर उशिरा टाकत जा. मी तसं केलं नाही. ज्या मुलीच्या वहीपासून हे सुरू झालं तिला आठवडाभर थांबायला सांगणं मला जमलं नसतं. त्याच संध्याकाळी टाकते.

गेल्या सत्रात एका विद्यार्थ्याचा ईमेल आला. पहिल्या ओळीत दोन, एक आणि दुसऱ्या ओळीत एक, दोन अशी मॅट्रिक्स, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेले आकडे, घेऊन मी तिच्या आयगेन व्हॅल्यू काढल्या होत्या. या तिच्या खास संख्या, समीकरणात त्यांच्यासाठी लॅम्डा हे अक्षर लिहितात. त्यानं लिहिलं होतं, "मॅडम, ३१ व्या मिनिटाला तुम्ही 'लॅम्डा वर्ग उणे चार लॅम्डा अधिक तीन' म्हणालात, पण फळ्यावर अधिक चार लिहिलंय. मी आवाजाची फाइल ऐकली म्हणून माझं उत्तर एक आणि तीन आलं. बाकीच्यांचं उणे एक आणि उणे तीन येतंय, आणि आमचं त्यावरून भांडण चाललंय." लावून बघितलं. अगदी तसंच होतं. वर्गात तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. त्या जागी पडद्यावर दुरुस्तीची ओळ टाकली, उपशीर्षकात तपासलं, वर्णनात ३१ व्या मिनिटापुढे सूचना लिहिली, आणि दुसऱ्या दिवशी तास सुरू करताना पाच सेकंद गप्प उभी राहून सगळ्यात आधी ते समीकरण फळ्यावर पुन्हा लिहिलं, या वेळी उणे चिन्हासकट.